नितंबांच्या फॅट ट्रान्सफरनंतरचे खळगे: कोकणात मिळणाऱ्या उपायांचा लेखाजोखा

पोट, कंबर, मांड्यांतली चरबी काढून ती नितंबांत भरण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बीबीएल, करून घ्यायला कोकणातली माणसं मुंबई, पुणे नाहीतर गोवा गाठतात. त्यानंतर दिसू लागणाऱ्या खळग्यांवर, गाठींवर, लाटांवर मात्र रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीत घराजवळच उपाय विकले जातात. कॉम्प्रेशन गारमेंट, म्हणजे अंग दाबून धरणारा घट्ट कपडा, उशी, मसाज पॅकेज, मशीनच्या सिटिंग, फिलर म्हणजे भराव टाकणारी इंजेक्शनं, आणि महिन्यातून एखादा दिवस येणाऱ्या बाहेरगावच्या डॉक्टरांची तपासणी, असा हा सगळा माल. मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या सहा महिन्यांत पैसे घालायचे ते गारमेंटवर, पुढे चांगल्या सोनोग्राफीवर. मशीनवर कधीच नाही.

याचं कारण असं की खळगे दिसतात सारखे, पण पडतात वेगवेगळ्या कारणांनी. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर काही वेळा खळगा वाढतोच.

पहिला प्रकार चरबी काढल्याच्या जागेचा. लायपोसक्शनची नळी, म्हणजे कॅन्युला, त्वचेच्या फार जवळून फिरली किंवा एकाच छिद्रातून एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फिरवली, तर तिच्या वाटेवर लांबट खाच राहते. कमरेच्या बाजूला आणि नितंबाच्या खालच्या घडीपाशी अशा खाचा जास्त दिसतात. त्या घडीखालची चरबी हावरटपणे काढली तर आधार जातो, नितंब खाली उतरतो आणि एका घडीच्या दोन होतात. ही चूक दुरुस्त करायला सगळ्यांत अवघड.

दुसरा प्रकार भरलेली चरबी मेल्याचा. नव्या जागी गेलेल्या चरबीला पहिले काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूला जो प्राणवायू झिरपतो त्यावर ती तग धरते. म्हणून ती बारीक धाग्यांत पसरावी लागते, धाग्याची जाडी फार तर तीन मिलिमीटर. एकाच जागी मोठा गोळा सोडला की बाहेरचा पापुद्रा जगतो आणि आतला भाग मरतो. मेलेल्या चरबीचं तेल होतं, तेलाभोवती कवच धरतं, पुढे त्यात चुना साचतो. हाताला कडक गाठ लागते आणि तिच्या शेजारी खळगा दिसतो. भरलेल्या चरबीतली काही टिकत नाही हे गृहीतच असतं. दोन्ही बाजूंना सारखी टिकेल याची खात्री कुठलाच सर्जन देऊ शकत नाही. देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

तिसरा, खेचलेला खळगा. त्वचेपासून खालच्या पडद्यापर्यंत तंतूंचे दोर असतात. नितंबाच्या बाहेरच्या बाजूला, हल्ली ज्याला हिप डिप म्हणतात तिथे, ते मुळातच घट्ट असतात. ते न सोडवता भोवती चरबी भरली की आजूबाजूचा भाग फुगतो आणि मधला आणखी खोल दिसतो. शस्त्रक्रियेनंतरचे व्रणही असेच खेचतात. चौथा प्रकार सैल त्वचेचा. वजन बरंच उतरलेलं असताना किंवा बाळंतपणांनंतर त्वचा सैल असते, आत भरलेलं तिला पेलवत नाही आणि लाटा दिसतात.

घरी एवढं करून पाहता येतं. खिडकी एका बाजूला येईल असं उभं राहा, घरातले दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, आणि मागून, दोन्ही तिरक्या कोनांतून, दोन्ही बाजूंनी असे पाच फोटो काढून घ्या. मोबाइल दर वेळी कमरेच्या उंचीवर, तेवढ्याच अंतरावर. मग नितंब आवळून तेच फोटो पुन्हा. आवळल्यावर खळगा खोल गेला तर तो बहुधा खेचलेला. पालथं झोपल्यावर नाहीसा झाला तर त्वचा सैल आहे. आवळून, सैल सोडून, झोपून काहीच फरक पडत नसेल आणि हाताला मऊ लागत असेल तर तिथे चरबी कमी आहे. कडक, बोटाखाली सरकणारी किंवा दाबल्यावर दुखणारी गाठ लागली तर अंदाज पुरेसा नाही, सोनोग्राफी हवी.

ही सोनोग्राफी कोकणात होते आणि स्वस्तातला सगळ्यांत कामाचा खर्च हाच. फक्त चिठ्ठीवर नीट लिहून घ्यायला हवं: उथळ भागांसाठीचा लिनिअर प्रोब, दोन्ही नितंबांची तुलना, गाठ कुठल्या थरात आहे, तिच्यात द्रव आहे का, कवचात चुना आहे का, आणि खळग्याखाली त्वचेपासून स्नायूपर्यंत किती मिलिमीटर चरबी उरली आहे. नुसतं 'नितंबाची सोनोग्राफी' लिहिलं की 'विशेष काही आढळले नाही' एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट हातात येतो. रेडिओलॉजिस्टला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं.

आता गारमेंट. बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक गारमेंटचा दोष कापडात नसतो, मापात असतो. शस्त्रक्रियेआधीच्या मापावर घेतलेलं गारमेंट सुजलेल्या अंगावर चढत नाही, आणि सूज उतरल्यावर तेच सैल होऊन घड्या पाडतं. म्हणून दोन मापं लागतात: पहिले दोन-तीन आठवडे थोडं मोठं, पुढे लहान. कमरेला आणि पोटाला ते घट्ट हवं, नितंबांवर मात्र हलकं किंवा मोकळं. सगळीकडे सारखा दाब देणारं साधं शेपवेअर इथे चालत नाही, कारण जी चरबी जगवायची तीच त्यात दाबली जाते. नितंबाखाली ज्याची कड गुंडाळली जाते ते गारमेंट परत करा. त्या कडेची खूण आठवडाभर तिथेच राहिली तर बरी होणारी त्वचा ती खाच धरून बसते. कमरेच्या बाजूंना गारमेंटखाली फोमची पट्टी ठेवतात, तिलाही घडी चालत नाही. आरशासमोर उभं राहून हाताने सपाट करून घ्यावी. दोन बोटं कडेखाली जेमतेम जायला हवीत. पायाला मुंग्या आल्या किंवा मांडीवर निळसर वळ उमटले तर लगेच काढायचं.

इथल्या हवेचा प्रश्न वेगळाच. डॉक्टर सांगतात चोवीस तास, साधारण सहा आठवडे, आंघोळ सोडून. एप्रिल-मेमध्ये मालवणात हे पाळणं म्हणजे परीक्षा, आणि जून ते सप्टेंबरमध्ये धुतलेलं गारमेंट वाळत नाही. ओलसर घातलं की जांघेत घामोळं, मग गजकर्ण, आणि खाजवून टाक्यांपाशी जखम. म्हणून एकाच मापाची दोन हवीत, आतून सुती अस्तर असलेली, खाली लघवीसाठी उघडी. साध्या साबणाने हाताने धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं, पिळायचं नाही, आणि पंख्याखाली आडवं पसरायचं. चुलीवरच्या दांडीला लावाल तर इलॅस्टिक जातं. झिपपेक्षा तीन रांगांचे हुक बरे, सूज उतरेल तसे आतल्या रांगेवर जाता येतं. गावातल्या शिंप्याकडून बारीक करून घेणं चालतं, पण दोन्ही बाजूंना सारखं आणि जाड शिवण बाहेर ठेवून. आत राहिलेली शिवण अंगावर रेघ उमटवते.

बीबीएलची उशी आम्ही घ्या म्हणू, फक्त ती नितंबांखाली ठेवायची नाही. ती मांड्यांखाली, गुडघ्यांच्या अलीकडे येते आणि नितंब मागे अधांतरी राहतात. ऑनलाइनची महाग उशी मऊ निघाली तर वजन टाकल्यावर चेपते आणि उपयोग संपतो. गादीवाल्याकडून कडक फोमचा पंधरा सेंटीमीटर जाडीचा ठोकळा कापून घेतला, वर सुती खोळ शिवली, की काम होतं. पहिले दोन आठवडे शक्यतो बसायचंच नाही. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत उशीवर, तेही वीस-तीस मिनिटं, मग उठून चालायचं. मांड्यांच्या मागच्या शिरा दबल्या की रक्त साकळायचा धोका असतो. पाटावर मांडी घालून जेवण, विळीवर बसून खोबरं खवणं, स्कूटर, सगळं या काळात बंद. भारतीय पद्धतीच्या शौचालयात नितंबांवर दाब येत नाही, पण घडीतले टाके ताणले जातात आणि पहिल्या दिवसांत उठताना चक्कर येते. भिंतीला धरायला काहीतरी बसवून घ्या. आणि गणपतीच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया ठरवू नका. गणपतीत आरती उभ्याने होते, बाकी सगळा दिवस बसूनच जातो.

मुंबईहून परतताना कुडाळपर्यंत रेल्वेने आठ-दहा तास लागतात. कोकणकन्या किंवा तुतारीसारखी रात्रीची गाडी घ्या आणि स्लीपरचा वरचा बर्थ, म्हणजे पालथं झोपता येतं. खालच्या बर्थवर सकाळ झाली की सहप्रवासी बसायला येतात. जनशताब्दी आणि वंदे भारत वेगवान असल्या तरी त्यांत बसूनच जावं लागतं. महामार्गाने मोटारीत मागच्या सीटवर पालथं झोपून जाणं हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. दर तासाला उठून डब्यात चालायचं, पाणी प्यायचं. पोटरी एका बाजूला सुजली, दुखली किंवा धाप लागली तर पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरून रुग्णालय गाठायचं, क्लिनिकला फोन लावत बसायचं नाही.

मसाज पॅकेजबद्दल थोडक्यात. लिम्फॅटिक मसाज, म्हणजे सुजेचं पाणी वाहतं करणारा मसाज, हलक्या हाताने, त्वचा सरकेल एवढ्याच दाबाने, जांघेच्या दिशेने केला तर सूज आणि ताठरपणा लवकर उतरतो. सर्जनने हो म्हटल्यावर, सुरुवातीला कमरेवर आणि पोटावरच. नितंबांवर पहिले तीन-चार आठवडे जोर नको. खळगा मसाजने भरत नाही, मेलेली गाठ चोळून विरघळत नाही. टाक्याचं तोंड उघडून आतलं पाणी दाबून काढणारे मसाजवाले संसर्गाला आमंत्रण देतात, तिथून उठून या. घरच्या तेल-मालिशीचंही तेच, आणि शेकाचं तर जास्तच: लायपोसक्शननंतर त्वचा कित्येक आठवडे बधिर असते, गरम पाण्याची पिशवी भाजतेय हे कळतच नाही. भाजल्याचा व्रण खळग्यापेक्षा वाईट दिसतो.

मशीनची दुकानदारी. कॅव्हिटेशनची, म्हणजे ध्वनिलहरींनी चरबी फोडणारी, आणि चरबी गोठवणारी यंत्रं चरबी कमी करण्यासाठी आहेत. चरबी कमी पडल्याने झालेल्या खळग्यावर ती फिरवणं हा उलटा उपचार. चरबी गोठवल्यावर क्वचित ती जागा कमी होण्याऐवजी कडक होऊन वाढते, आणि मग शस्त्रक्रियाच करावी लागते. व्हॅक्युम कपिंगची गंमत वेगळी. ओढल्यामुळे त्वचेखाली सूज येते, सुजेने खळगा एक-दोन दिवस भरल्यासारखा दिसतो आणि 'नंतरचा' फोटो त्याच तासाला काढला जातो. फोटो दाखवत असतील तर तो किती आठवड्यांनी काढला एवढंच विचारा. सैल त्वचेच्या हलक्या लाटांवर रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे रेडिओलहरींनी त्वचा तापवण्याचा, थोडा परिणाम होतो. या गटातलं खरं बोलण्यासारखं एवढंच.

चरबी विरघळवणारी इंजेक्शनं उंचवट्यावर मारायचा सल्लाही मिळतो. त्यातल्या डीऑक्सिकोलिक ॲसिडला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, मान्यता आहे ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, नितंबांसाठी नाही. आणि 'कायमचं फिलर' म्हणून कुणी द्रवरूप सिलिकॉन भरत असेल तर विषय तिथेच संपवा. शरीराला आकार देण्यासाठी सिलिकॉन टोचण्याविरुद्ध एफडीएने २०१७ मध्ये इशारा दिला आहे. ते स्थलांतर करतं, गाठी करतं, रक्तवाहिनीत गेलं तर जीव घेऊ शकतं, आणि पूर्ण काढता येत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवता येतं म्हणून त्यातल्या त्यात सुरक्षित, पण नितंबाच्या खळग्याला लागणारं प्रमाण चेहऱ्याच्या कितीतरी पट, आणि ते टिकतं काही महिने ते वर्ष-दीड वर्ष. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड कोलॅजन वाढवतं, त्याला अनेक फेऱ्या लागतात आणि ते कमी पातळ केलं तर त्याच्याच गाठी होतात. दोन्ही खेचलेल्या खळग्यावर निरुपयोगी, आधी दोर सुटला पाहिजे. तंतू सैल करणारं कोलॅजिनेजचं इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीनेच बंद केलं. त्याच्या नावाने इथे कुणी काही विकत असेल तर बाटली बघायला मागा.

खरी दुरुस्ती शस्त्रक्रियेनेच होते, आणि ती सहा महिन्यांआधी नाही. बरेच सर्जन वर्षभर थांबवतात. कारण सूज उतरून उरलेली चरबी स्थिर झाल्याशिवाय किती कमी-जास्त आहे हे मोजताच येत नाही. या काळात वजन स्थिर हवं. सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनने भराभर उतरणारं वजन भरलेल्या चरबीलाही सोडत नाही. मिशेरीही तंबाखूच आहे, निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवी चरबी उपाशी मरते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार आठवडे बंद. डॉक्टर 'धूम्रपान करता का' विचारतात, बाई 'नाही' म्हणतात आणि दोघंही खरं बोलत असतात. तेव्हा मिशेरीचं तुम्हीच आपणहून सांगा.

खेचलेल्या खळग्यात टोकदार सुईने किंवा फाट्याच्या कॅन्युलाने दोर कापतात, याला सबसिजन म्हणतात. नुसतं कापून सोडलं तर तंतू पुन्हा चिकटतात; मधल्या जागेत थोडी चरबी पसरून ठेवावी लागते. भरतानाची खूण अशी की प्रत्येक फेरीत मिलीभरापेक्षा जास्त चरबी सुटत नाही, कॅन्युला मागे येतानाच पिस्टन दाबला जातो, आणि खळगा वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या छिद्रांतून भरला जातो. तेलाची गाठ मोठी असेल तर जाड सुईने ओढून काढतात, कवच जाड असेल तर कापून. काही वेळा खळगा भरण्यापेक्षा शेजारचा उंचवटा बारीक कॅन्युलाने उतरवणं सोपं असतं. बारीक अंगाच्या व्यक्तीत तर भरायला चरबीच शिल्लक नसते. सैल त्वचेला कापून ताणण्याशिवाय पर्याय नाही आणि व्रण राहतो, हे आधी ऐकवणारा सर्जन प्रामाणिक.

इथे एका धोक्यावर थांबावं लागेल. नितंबांच्या स्नायूत आणि त्याखाली मोठ्या शिरा आहेत. तिथे चरबी शिरली तर ती थेट हृदय-फुफ्फुसांत जाते आणि टेबलावरच मृत्यू येऊ शकतो. म्हणून २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जरीच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त कार्यगटाने सांगितलं की चरबी फक्त त्वचेखालच्या थरात भरायची, स्नायूत नाही; कॅन्युला चार मिलिमीटरपेक्षा जाड, न वाकणारी, टोक खाली न झुकवता. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०२२ मध्ये भरताना सोनोग्राफी आणि एका सर्जनला दिवसाला तीनच शस्त्रक्रिया असा नियम झाला. दुरुस्तीच्या वेळी हा धोका वाढतो, कारण पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणांनी थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि खोल खळगा भरण्याच्या नादात नळी खाली घसरते. तेव्हा 'भरताना सोनोग्राफीचा प्रोब लावता का' हा प्रश्न दुरुस्तीला जास्तच लागू.

त्यावरून येतो तो बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचा विषय. महिन्यातून एक दिवस चिपळूण-रत्नागिरीत बसणारे सर्जन तपासणीसाठी, फोटोसाठी, सोनोग्राफी वाचून घेण्यासाठी उत्तम. मुंबईची एक फेरी वाचते. शस्त्रक्रिया मात्र त्याच दिवशी गावच्या नर्सिंग होममध्ये उरकून रात्रीच्या गाडीने परत, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला तर बघणार कोण? भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय, अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास उपलब्ध डॉक्टर जिथे आहेत तिथेच टेबलावर चढायचं, मग ते मुंबईत असो वा गोव्यात. सर्जनकडे एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी हवी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासता येते. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या पाटीखाली नेमकी पदवी काय आहे हे विचारायला लाजू नका.

काही गाठी खळग्यांच्या यादीतल्याच नसतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, जांभळट लाल गाठी उठल्या, पाझरू लागल्या आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी हटल्या नाहीत, तर मायकोबॅक्टेरियाच्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींचा संशय घ्यावा. हे जंतू पाण्यात असतात आणि नीट निर्जंतुक न केलेल्या कॅन्युलांतून आत जातात. साध्या पू-तपासणीत ते सुटतात. मायकोबॅक्टेरियाचं कल्चर वेगळं सांगून करून घ्यावं लागतं, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. अशा गाठीवर मसाज, मशीन, फिलर काहीही नाही.

पैसे देण्याआधी अंदाजपत्रक फोडून मागा: सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, गारमेंट, औषधं, सोनोग्राफी, आणि दुसरी फेरी लागली तर तिचं काय. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी सूट नाही आणि मेडिक्लेम सहसा पैसे देत नाही, तेव्हा कर धरून आकडा विचारा. दुरुस्तीसाठी पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद लागते: कुठून किती चरबी काढली, कुठल्या बाजूला किती मिली भरली, कुठल्या थरात. ही कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नोंद हातात येईपर्यंत दुसऱ्या सर्जनकडे तारीख पक्की करू नका.